कान वाहतोय, पण मुंग्या गालाला का येतायत?

कान काही केल्या बरा होत नव्हता. आधी सर्दी झाली, मग दडा बसला, मग रात्रीचा ठणका आणि त्यानंतर ते चिकट पाणी. ड्रॉप्स झाले, गोळ्यांचा कोर्स झाला, जरा बरं वाटलं की परत उशीवर डाग. तेवढं मी सहन करत होते, कारण कानाचं दुखणं चिवट असतं हे माहीत होतं. पण मग त्याच बाजूच्या गालाला मुंग्या यायला लागल्या, जिभेच्या त्या बाजूला मीठ लागेना, सारखी लोखंड चाटल्यासारखी चव, आणि मधूनच दोन्ही हातांची बोटं बधिर. कानाचा आणि बोटांचा काय संबंध, सांगा ना!

पहिल्या डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून विषय संपवला. मला त्याचा अजून राग आहे. टेन्शन होतंच, पण ते मुंग्यांमुळे आलेलं.

नंतर ज्या ईएनटी मॅडमकडे गेले त्यांनी आधी "नेमकं कुठे ते बोटाने दाखवा" म्हटलं. मग डोळे मिटायला लावून कापसाचं टोक कपाळाला, गालाला, हनुवटीला, दोन्हीकडे आलटून पालटून लावलं आणि सारखंच लागतंय का ते विचारलं. गाल फुगवा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलत होता, त्यावर त्या म्हणाल्या की ही चांगली गोष्ट आहे, आणि मला खूप दिवसांनी मोकळा श्वास आला.

जिभेचं कारण त्यांनी लगेच सांगितलं. चव नेणारी एक बारीक नस, कॉर्डा टिम्पनी, पडद्याच्या मागून थेट मधल्या कानातून जाते आणि जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग तिच्याकडे असतो, त्यामुळे मधल्या कानात सूज आणि पू असेल तर त्या बाजूची चव बिघडू शकते. चेहरा हलवणारी नसही तिथूनच जाते, हाडाच्या बारीक नळीतून, आणि काही लोकांत ते हाड जन्मतःच अपुरं असतं. पण गालाची स्पर्शाची जाणीव वेगळ्या नसेकडे, ट्रायजेमिनलकडे, म्हणून तो भाग त्यांनी नीट लिहून घेतला.

बोटांचं मात्र कानाशी जुळत नव्हतं. दोन्ही हातांना एकदम आणि ओठांभोवती मुंग्या येत असतील तर घाबरून जोरजोरात श्वास घेतल्यानेही तसं होतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नसा जास्त संवेदनशील होतात. बी १२ कमी असलं तरी होतं. आणि तिसरं, जे मला कोणीच सांगितलं नव्हतं, ते म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१३ मध्ये या गटाच्या औषधांवरची सूचना कडक केली, की नसांना इजा होऊ शकते, लवकर सुरू होऊ शकते आणि कायमची राहू शकते. हे गोळ्या आणि इंजेक्शनबद्दल आहे, कानातल्या ड्रॉप्सबद्दल नाही. मी तीच गोळी घेत होते. मॅडमनी ती बदलली, बी १२ तपासायला दिलं आणि कानाचा सीटी स्कॅन सांगितला, कारण कोलेस्टिएटोमा, म्हणजे मधल्या कानात त्वचा साचून वाढणारी आणि हाड पोखरणारी गाठ, नाही ना हे बघायचं होतं.

कधी थांबायचं नाही तेही त्यांनी बजावून सांगितलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डोळा मिटेना, कानात किंवा आसपास फोड आले, एकाचे दोन दिसायला लागले, डोळ्याच्या मागे ठणकायला लागलं, तापाबरोबर मान ताठली, तर त्याच दिवशी दाखवायचं. तोंड वाकडं होऊन हातात बळ नाही किंवा बोलणं अडखळतंय असं झालं तर कानाचा विचारच करायचा नाही, सरळ इमर्जन्सी गाठायची. आणि डायबेटीस असेल तर लांबलेलं कानाचं इन्फेक्शन अजिबात अंगावर काढायचं नाही, ते हाडापर्यंत जाऊ शकतं.

स्कॅनमध्ये हाड शाबूत निघालं. बी १२ नॉर्मल. गोळी बदलल्यावर बोटं हळूहळू सुधारली, पण ते गोळीमुळेच होतं का हे मॅडमही ठामपणे सांगत नाहीत. कान आता कोरडा आहे, चव परत आलीय. गालाच्या मुंग्या अजून मधूनच येतात, कधी आणि किती वेळ ते वहीत लिहून ठेवतेय, आणि पुढच्या भेटीत एमआरआय करायचा का ते ठरणार आहे.