दोन्ही डिस्क एकाच डब्यात

खानापूर तालुक्यातल्या एका फोटो स्टुडिओचा कॉम्प्युटर मी काही वर्षांपूर्वी जोडून दिला होता. लग्नाचे व्हिडिओ एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर कापायचे आणि करिझ्मा अल्बमची पानं लावायची, असं त्यांचं काम. एडियससाठी मशीन जोडताना मी प्रोसेसर इंटेलचाच घेतो, आणि नावाच्या शेवटी ‘एफ’ नसलेला. ‘एफ’वाल्यात आतलं ग्राफिक्स मिळत नाही, म्हणजे व्हिडिओ झटपट उलगडणारं क्विक सिंकही नाही, आणि मग कॅमेऱ्याच्या एच.264 फाइली टाइमलाइनवर अडखळतात. गिऱ्हाईक दोन हजार वाचवायला बघतं आणि पुढं रोज तासभर घालवतं. विंडोज आणि प्रोजेक्ट फाइली एम.2 एसएसडीवर ठेवल्या होत्या, शूटिंगचा माल 4 टीबीच्या हार्ड डिस्कवर. बॅकअपसाठी बाहेरची डिस्क घ्या, असं मी सांगितलं होतं. त्यांनी पुढं दुसरी 4 टीबीची घेतली खरी, पण ती दुसऱ्या कुणाकडून त्याच कॅबिनेटमध्ये बसवून घेतली.

जुलैतला पाऊस खानापूरकडं कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. कणकुंबी, जांबोटीकडं सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही, आणि त्यात लाइटीचा खेळ. अशाच एका दिवशी स्टुडिओचे मालक, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, कॅबिनेट खताच्या पोत्यात गुंडाळून बेळगावला माझ्या दुकानात आले. अंगावरचा रेनकोट काढायच्या आधी त्यांनी पोतं सोडलं.

“लाइट जा-ये करत होती. मशीन बंद पडलं ते पडलंच. एसएमपीएस गेलाय म्हणून गावातच नवीन बसवून घेतला. आता मशीन चालू होतंय, विंडोज येतंय, पण दोन्ही डिस्क दिसत नाहीत बघा. एडियस उघडलं की सगळं ऑफलाइन.”

एक डिस्क गेली असती तर मी नशिबावर सोडलं असतं. दोन डिस्क एकाच वेळी आपोआप जात नाहीत. मदरबोर्ड ठीक, एसएसडी ठीक, आणि फक्त दोन हार्ड डिस्क मेलेल्या. एम.2 एसएसडीला वीज मदरबोर्डातून मिळते, हार्ड डिस्कला थेट एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, केबलमधून. संशय केबलवरच गेला.

साइडचं झाकण काढलं. एसएमपीएस मॉड्यूलर होता, म्हणजे हवी तेवढीच केबल खोचायची, बाकीच्या खोक्यात. मी दिलेला जुनाही मॉड्यूलरच होता, पण वेगळ्या कंपनीचा. मदरबोर्डाची 24 पिनची, प्रोसेसरची, ग्राफिक्स कार्डाची, या केबली नव्या होत्या. डिस्ककडं वीज नेणारी सपाट काळी साटा केबल मात्र माझ्या हातची, जुनी. ती मी ट्रेच्या मागून झिप-टायनं आवळून नेली होती. ती सोडवायचे कष्ट नकोत म्हणून बसवणाऱ्यानं ती तशीच ठेवली आणि तिचं 6 पिनचं टोक नव्या एसएमपीएसमध्ये खोचलं. ते नीट बसलं, ‘खट्’ करून लॉकही लागलं. त्या पोराला मी दोष देणार नाही. जे बसतं ते चालतं, असंच कुणालाही वाटेल.

गोम इथंच आहे. साटा केबलच्या डिस्ककडच्या टोकाला ठरलेलं माप आहे: पंधरा पट्ट्या, पहिल्या तीन 3.3 व्होल्टच्या, मधल्या तीन 5 च्या, शेवटच्या तीन 12 च्या, आणि अधेमधे ग्राउंड. पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या भोकात काय असावं याचा कुठलाच नियम नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनाचं करते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. सॉकेट मात्र सगळ्यांचं सारखंच दिसतं. पूर्वीच्या केबलींत पिवळी वायर 12 ची आणि लाल 5 ची हे नजरेनं कळायचं. आताच्या सपाट केबलींत सगळ्या वायरी काळ्या.

मी डिस्क काढून बाजूला ठेवल्या. एसएमपीएस बाहेर घेतला, 24 पिनच्या प्लगात हिरव्या वायरची जागा आणि शेजारचं ग्राउंड तारेच्या तुकड्यानं जोडलं, तसं केलं की तो मदरबोर्डाशिवाय चालू होतो. पंखा फिरला. मल्टीमीटरची काळी सुई ग्राउंडला लावली आणि लाल सुई साटा प्लगच्या 5 व्होल्टच्या पट्टीवर टेकवली. अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते.

मीटरवर 12.1 आलं.

अण्णांना आकडा समजला नाही, पण माझा चेहरा समजला. मी एवढंच सांगितलं, की जिथं पाच हवेत तिथं बारा गेलेत, दोन्ही डिस्कना, एकाच क्षणी. ते स्टुलावर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “लग्नाचं एकवेळ लोकांना हातापाया पडून सांगीन. पण त्यात यात्रा आहे ओ.”

त्यांच्या शेजारच्या गावात यंदा महालक्ष्मीची यात्रा झाली होती. आमच्या भागात ही यात्रा दरवर्षी भरत नाही. गावागणिक ठरलेली वर्षं उलटावी लागतात, कुठं पाच, कुठं बारा, कुठं त्याहून जास्त. तोवर एक पिढी म्हातारी होते. लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, मुंबई-पुण्याला गेलेले परततात, घरं रंगवली जातात. पहाटेचं देवीचं अक्षतारोपण, म्हणजे तिचं लग्न, भंडाऱ्यानं पिवळा झालेला रथ, देवी गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या आसनावर, बसेपर्यंतचा सगळा सोहळा अण्णांनी दोन कॅमेरे आणि ड्रोन लावून टिपला होता. यात्रा कमिटीनं त्यासाठी वर्गणीतले पैसे दिले होते. परत शूटिंग करायचं म्हटलं तर देवी पुन्हा बसायची वाट बघायला हवी.

मी आधी बॅकअपची डिस्क घेतली. उलटी करून टॉर्क्स स्क्रू काढले आणि हिरवा बोर्ड वेगळा केला. डिस्कच्या आतल्या भागाला इथं हातही लागत नाही, तो झाकणाखाली बंदच राहतो. पॉवरच्या तोंडाजवळ टीव्हीएस नावाचे दोन डायोड असतात, एक 5 व्होल्टच्या वाटेवर, एक 12 च्या. व्होल्टेज प्रमाणाबाहेर आलं की तो डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या चिपांना वाचवतो. मीटर बीपवर ठेवून 5 च्या डायोडच्या दोन टोकांना सुया लावल्या. सलग बीप. डायोड मेला होता, म्हणजे त्यानं आपलं काम केलं असण्याची आशा होती. तो उतरवला, बोर्ड परत बसवला आणि खात्रीच्या एसएमपीएसवर डिस्क लावली. ती फिरली, ओळखली गेली, फोल्डर दिसले. असा डायोड काढलेली डिस्क पुन्हा गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये जाऊ देत नाही मी. तिला आता राखण उरलेली नसते. माल काढून घेण्यापुरतीच ती चालवायची.

अण्णांचा जीव भांड्यात पडला, पण फोल्डरच्या तारखा बघितल्या तर बॅकअप होळीपर्यंतचाच होता. यात्रा त्यानंतरची. एप्रिल-मेची लग्नंही नंतरचीच.

मुख्य डिस्कचा बोर्ड काढला तेव्हा वास आधी आला. मोटर चालवणाऱ्या चिपच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं. इथं डायोड काढून भागत नाही, बोर्डच बदलावा लागतो. आणि इथंच लोक फसतात: त्याच मॉडेलची डिस्क आणून तिचा बोर्ड लावला की झालं, असं त्यांना वाटतं. जुन्या डिस्कना ते चालायचंही. आताच्या बोर्डावर आठ पायांची एक छोटी रॉम चिप असते, तिच्यात त्या एकाच डिस्कच्या हेडांची जुळणी लिहिलेली असते. दुसऱ्या डिस्कची जुळणी घेऊन हेड फिरले तर माल वाचला जात नाही, आणि जबरदस्ती केली तर आहे तेही बिघडतं. म्हणून बोर्ड नवा आणि रॉम जुनी, हा मेळ घालावा लागतो.

बोर्डावरचा नंबर तंतोतंत जुळणारा हवा होता. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडं तो निघाला, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आला. दरम्यान अण्णांना फोनवर सल्ले देणारे थांबत नव्हते. कुणी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं, कुणी झाकण उघडून चकती हातानं फिरवायला. मी त्यांना कळकळीनं सांगितलं की यातलं काही करू देऊ नका. हेड चकतीच्या वर काही नॅनोमीटर अंतरावरून जातं. उघड्या दुकानात झाकण काढलं की धुळीचा एक कणही त्याला पुरतो. तसलं काम क्लीन रूममध्येच होतं, आणि ते आपल्याकडं बेळगावात करायचा अट्टहास मी कधीच धरत नाही.

नवीन बोर्ड लावायच्या आधी मोटरच्या संपर्कांमधला रोध मोजला, तिन्ही फेजचा सारखा आला, म्हणजे मोटर शाबूत. हेडच्या तारा जिथं बोर्डाला टेकतात त्या पट्ट्या पुसल्या. हॉट एअरनं जुन्या बोर्डाची रॉम उतरवली, नवीन बोर्डावर बसवली, भिंगाखाली आठही पाय तपासले. अण्णा त्या दिवशी आलेच होते. मी वीज दिली आणि आम्ही दोघंही कान देऊन उभे राहिलो. आत हेडजवळचा प्रीअँप, म्हणजे हेडचा बारीक सिग्नल मोठा करणारी चिप, जळला असता तर टक् टक् असा आवाज सुरू झाला असता, आणि मग पुढचा रस्ता मोठ्या शहराचा, मोठ्या खर्चाचा होता. चकती वेगात आली, हेड उतरल्याचा बारीक आवाज झाला, आणि नंतर नुसती घरघर. स्क्रीनवर डिस्कचं नाव आलं.

त्यावर एकही फोल्डर मी उघडला नाही. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, न वाचता येणारे सेक्टर दिसत होते, बहुधा लाइटीच्या जा-येतले. अशा डिस्कवर माऊसनं फाइली ओढायला गेलं की ती एकाच खराब जागेवर डोकं आपटत बसते. लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी सोप्या जागा वाचून दुसऱ्या डिस्कवर जशाच्या तशा उतरवतं, अडलेल्या जागा नकाशात नोंदवून पुढं जातं आणि शेवटी त्यांच्याकडं परत येतं. 4 टीबीची धडधाकट डिस्क सेकंदाला 150 एमबीनं वाचली तरी 7 तासांहून जास्त लागतात. ही धडधाकट नव्हती. रात्रभर ऑनलाइन यूपीएसवर ठेवली, दुकानात झोपलो, कारण पाऊस थांबला नव्हता आणि हेस्कॉमची लाइट मध्येच जात होती.

जवळजवळ सगळं उतरलं. नकाशावरून उरलेले सेक्टर कोणत्या फाइलींत पडतात ते शोधलं, मोजक्याच निघाल्या. यात्रेची त्यात एक: रथ निघतानाचा ड्रोनचा शॉट. ड्रोनचं कार्ड कुठं आहे विचारलं. पावसामुळं ड्रोन यात्रेनंतर उडालाच नव्हता. कार्ड फॉरमॅट केलेलं होतं, पण त्यावर नवीन काही लिहिलेलं नव्हतं. फॉरमॅटनं बहुतेक वेळा यादी पुसली जाते, माल जागेवर राहतो. फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरनं तो शॉट सलग बाहेर आला. अक्षतारोपणाचे दोन्ही कॅमेरे डिस्कवरूनच सुखरूप मिळाले. अण्णांनी दुकानातच ते चालवून बघितलं, भटजींच्या मंगलाष्टका संपेपर्यंत कुणी बोललं नाही, मग त्यांनी कमिटीच्या अध्यक्षांना फोन लावला.

मशीन परत देताना जुनी साटा केबल मी कापून टाकली, नव्या एसएमपीएसच्या खोक्यातली लावली आणि उरलेल्या केबलींच्या पिशवीवर त्या एसएमपीएसचं मॉडेल लिहून ती कॅबिनेटच्या तळाला बांधली. आता कुठलाही मॉड्यूलर एसएमपीएस देताना मी तसंच करतो. कॅबिनेटमध्ये एकच डिस्क ठेवली. दुसरी यूएसबीवरची, ती काम झालं की काढून घरी कपाटात जाते.

एका लग्नाच्या हळदीची फाइल मधेच तुटली ती तुटलीच, तिचं कार्ड पुन्हा वापरलं गेलं होतं. अण्णा स्वतः त्या घरी गेले आणि खरं काय ते सांगितलं. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेले तुकडे त्यांनी मागून आणले आणि तेवढी जागा त्यांनी भरून काढली.