सायटिंग किती वाजता असते?

नागपूरच्या माणसाला प्राणी बघायचा म्हणजे पहाटे चारला उठून ताडोबाच्या गेटवर जिप्सीत कुडकुडत बसायचं, एवढंच माहीत. त्यामुळे जानेवारीत मावसभावाच्या शिडाच्या बोटीवर अकरा दिवस राहायला गेलो तर पहिल्याच सकाळी मी विचारलं, "दादा, सायटिंग किती वाजता असते?" तो चहा गाळत होता, नुसता हसला.

मुंबईहून मालवणकडे चाललेली तीस फुटी बोट. रात्री खाडीत नांगर टाकायचा, पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं आणि दुपारी खारा वारा सुटला की शिडं भरून पळायचं. जंगलात कसं, चितळ कॉल देतं, वानर खोकतं, ड्रायव्हर इंजिन बंद करतो. इथे चारही बाजूला सारखंच पाणी. दोन दिवस मी प्रत्येक लाटेला डॉल्फिन म्हणत होतो, एकदा तर थर्माकोलला कासव म्हणून वहिनीलाही उठवलं. शेवटी दादा वैतागला, म्हणाला पाण्याकडे काय पाहतो बे, पक्षी पाहा. सुरय पक्षी एकाच जागी घिरट्या घालून सूर मारत असले की खाली माशांचा थवा समजायचा, आणि थव्याच्या मागे बरेचदा कोणीतरी असतंच. म्हणजे कॉल इथेही होते, फक्त मला ऐकू येत नव्हते.

पण खरा पहिला डॉल्फिन मी पाहिलाच नाही, ऐकला. जयगडच्या खाडीत, सहा वाजून गेले असतील, बंकवर अर्धवट झोपेत होतो आणि उशाशीच कोणीतरी फस्सकन श्वास सोडला. कुकरची उरलेली वाफ जाते ना, तसा. वर धावलो तोवर गार अंधार, मग थोडं लांब परत फस्स, आणि उजाडायच्या राखाडी उजेडात एक पाठ वर आली. तिच्यावर बैलाला असतं तसं छोटं वशिंड! पोळ्याला बैल पाहणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपी खूण कोणती. हे वशिंडवाले किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी राहतात आणि बोटीला फार भाव देत नाहीत. गिरक्या घेत उडणारे स्पिनर वेगळे, ते आणखी बाहेर भेटले, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या टोकाच्या, पुढे पोहत होते, त्यातला एक तर कुशीवर वळून माझ्याकडे बघत होता असं मला वाटलं. वहिनी म्हणते मला तसं वाटायचंच होतं.

त्याच खाडीत दुसरी एक बोट होती, त्यावर रिटायर्ड काका-काकू, चार वर्षं बोटीवरच संसार. आधी वायरलेसच्या सोळा नंबरवर हाक, मग दुसऱ्या चॅनलवर जाऊन गप्पा, कारण सोळा नंबर हाका मारायला आणि संकटासाठी मोकळा ठेवायचा. डिंगी, म्हणजे सोबतची छोटी होडी, वल्हवत गेलो, तरी बोलावल्याशिवाय वर चढायचं नाही, तो बोटीचा उंबरठा. तिथे सगळे बोटीच्याच नावाने ओळखतात, काकांचं आडनाव मला अजून माहीत नाही. त्यांनी लिंबं दिली, मी सोबत नेलेला सावजी मसाला दिला. काकूंनी डबा उघडून वास घेतला आणि एकदम शिंकल्या, मग म्हणाल्या राहू दे, मला लागेल. पहिली भेट वीस मिनिटांची, पण बोलणं असं की जणू दहा वर्षांचे शेजारी. उद्या नांगर उचलला की कोण कुठे, मग आढेवेढे कशाला.

परत आलो. नागपूर समुद्रसपाटीपासून जवळपास ३१० मीटर वर, आपला समुद्राशी संबंध एवढ्या आकड्यापुरताच. कॉलनीतल्या भाऊंना मोबाईलमधले त्रेसष्ट फोटो दाखवले. सगळ्यांत नुसतं पाणी. "इथे होता, आत्ताच खाली गेला." भाऊंनी झूम करून करून पाहिलं आणि म्हणाले, "हा टायर आहे नं बे."

परवा काकूंचा व्हॉइस मेसेज आला. मसाला संपला, कोणी येत असेल तर पाठव. आणि काल रात्री दोघं येऊन गेले, फस्स फस्स करत, तुझी आठवण काढली आम्ही.