एका उन्हाळ्याचं काम

आज भाचीबरोबर बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये एमआयटीचं स्टाटा सेंटर बघितलं. फ्रँक गेरीने रचलेली ही इमारत २००४ची. भिंती अशा कललेल्या, की गवंड्याला जेवणानंतर डुलकी लागली असावी!

आत 'सीसेल', म्हणजे संगणक आणि एआयची प्रयोगशाळा. मला वाटलेलं, हे सगळं कालपरवाचं. भाची म्हणाली, "मामा, याचं मूळ असलेला प्रोजेक्ट मॅक १९६३चा!" एकच अवाढव्य संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, ही तेव्हाची नवलाई. १९७०मध्ये एआयच्या आद्य संशोधकांपैकी एक, मार्विन मिन्स्की, यांची एआयवाली मंडळी वेगळी झाली, २००३मध्ये दोन्ही घरं पुन्हा एक. वाटण्या खूप पाहिल्यात, पण मोडलेली चूल परत एक झालेली क्वचितच.

मन मात्र अडकलं १९६६मध्ये. इथलेच संशोधक सीमोर पेपर्ट यांनी ठरवलं, सुट्टीत काम करणाऱ्या मुलांकडून संगणकाच्या 'नजरे'चा बराचसा भाग बांधून घ्यायचा. चित्रात वस्तू कुठली, मागची भिंत कुठली, हे यंत्राने ओळखायचं. एका उन्हाळ्यात! पुढे कितीतरी पिढ्या त्यातच खपल्या.

बाहेर बोचरी थंडी. मफलर नाकापर्यंत ओढला, तर फोनने मला ओळखलंच नाही. शेवटी पिन टाकला.