शिनोंच्या जुन्या घरातल्या चार रात्री आणि खोलीतला सूचनांचा कागद

खोलीत शिरल्या शिरल्या आईचं लक्ष पलंगाकडे गेलं आणि माझं टेबलावरच्या कागदाकडे. पाठपोट लिहिलेला, वर फ्रेंच, खाली इंग्रजी, अक्षर सुबक. खिडकीची झडप कशी अडकवायची, कपाटाची किल्ली का काढायची नाही, भिंतीला काय टेकवायचं नाही, अंघोळ कुठे करायची. "राहायला आलोय की शाळेत?" आईने विचारलं. पहिल्या संध्याकाळी मलाही तो कागद जाचक वाटला. दुसऱ्या सकाळी आमच्या हातून एक चूक झाली. त्यानंतर घरमालकीणबाईंनी एकेका सूचनेमागचं कारण हाताने दाखवलं, आणि ते घर इतकी वर्षं कसं टिकलंय ते कळत गेलं. कुणी अशा जुन्या फ्रेंच घरात उतरणार असेल तर हे आधी ठाऊक असावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

शिनों हे फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातलं, व्हिएन नदीकाठचं छोटं गाव. वर टेकडीवर किल्ला, खाली नदी आणि मधल्या अरुंद पट्ट्यात जुनी वस्ती. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क इथेच पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या सातव्या शार्लला येऊन भेटली. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून वेगवान गाडीने साधारण सव्वा तासात तूर गाठायचं, तिथून शिनोंची छोटी गाडी पाऊण तासाच्या आसपास घेते. या फाट्यावर काही फेऱ्या रेल्वेऐवजी बसच्या असतात, तेव्हा तिकीट काढताना ते बघून घ्या. स्टेशनपासून जुनं गाव चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, पण गल्ल्या दगडी आहेत आणि बॅगेच्या चाकांचे हाल होतात.

आम्ही उतरलो ते 'शांब्र दोत' प्रकारच्या घरात, म्हणजे मालक स्वतः राहतात त्याच घरातल्या खोल्या. फ्रान्समध्ये त्याला कायद्याची चौकट आहे: जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे, सकाळचा नाश्ता आणि चादरी-टॉवेल भाड्यातच. हॉटेलसारखा चोवीस तास माणूस बसलेला नसतो. त्यामुळे किती वाजता पोचणार ते आधी कळवा आणि ती वेळ पाळा. गाडी चुकली तर लगेच फोन करा. आमच्यासाठी बाई दारात उभ्या होत्या. आत शिरताना आधी स्वच्छ 'बाँझूर' म्हणायचं आणि मग बाकीचं बोलायचं. हे छोटं वाटतं, पण तिथे माणूस त्यावरून ओळखतात.

खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि जिना दगडी, गोल फिरत जाणारा, पायऱ्या आतल्या बाजूला चार बोटांएवढ्याच. मोठी बॅग वर नेताना भिंतीला घासणार हे पहिल्या वळणावरच दिसलं. कागदातली पहिली सूचना तीच होती: मोठं सामान खाली ठेवा, दोन दिवसांचे कपडे छोट्या पिशवीत घेऊन वर या. पॅरिसहून निघतानाच तशी पिशवी भरून ठेवा. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर खोली ठरवतानाच मजला विचारा. आई अडुसष्टची आहे. ती बाहेरच्या रुंद बाजूने, कठड्याचा दोर धरून चढायची.

आता भिंती. या भागातली जुनी घरं 'त्युफो' नावाच्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडाची. शिनोंच्या टेकडीच्या पोटातून तो काढला आणि त्यामुळे डोंगरात जे बोगदे तयार झाले ते आज वाईनची तळघरं आहेत. दगड मऊ, नखानेही ओरखडा उठेल असा, आणि त्याचा जवळजवळ निम्मा भाग सूक्ष्म पोकळ्यांचा. तो ओल पितो आणि हवा मिळाली की परत सोडतो. हवा मिळाली नाही तर ओल आतच राहते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. बाईंनी जिन्यातली एक जागा दाखवली, पूर्वी कुणीतरी सिमेंटने बुजवलेली. सिमेंट शाबूत आणि भोवतालचा दगड पिठासारखा झालेला. बोट लावलं तर पांढरी भुकटी हाताला आली. म्हणून कागदावर होतं: ओले कपडे भिंतीजवळ वाळत घालू नका, बॅग भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, चिकटपट्टीचे हुक लावू नका, सकाळी अर्धा तास खिडकी सताड उघडा. कपडे वाळवायला मागच्या अंगणात दोरी होती. विचारलं तर नाही म्हणत नाहीत.

खिडकीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपली माणसं इथेच चुकतात. आम्ही जूनच्या शेवटी गेलो आणि बाहेर कडाक्याचं ऊन होतं. खोलीत एसी नाही, पंखाही नाही. हा कंजूषपणा नव्हे. जुन्या वस्त्यांना १९६२ च्या मालरो कायद्याने संरक्षण मिळालंय, त्यामुळे दर्शनी भिंतीवर एसीचं खोकं टांगता येत नाही. तिथली वातानुकूलन व्यवस्था म्हणजे लाकडी झडपा आणि जाड भिंती. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन भिंतीवर यायच्या आत झडपा ओढून घ्यायच्या. संध्याकाळी बाहेर गार झालं की उघडायच्या आणि रात्रभर वारा आत घ्यायचा. आपल्याला उकडलं की खिडकी उघडावीशी वाटते. तिथे दुपारी नेमकं उलट करायचं. दोन दुपारी आम्ही हे पाळलं आणि बाहेरून तापून आल्यावर खोली माठाच्या पाण्यासारखी गार लागली. त्या दिवसांत तिथे रात्री पावणेदहा-दहापर्यंत उजेड असतो. झोप लवकर येणाऱ्यांनाही झडपांचाच आधार.

झडप उघडी ठेवताना ती वाऱ्याने आपटू नये म्हणून बाहेरच्या भिंतीत एक लोखंडी अडणी असते. तिच्या टोकाला बोटभर उंचीचं बाईचं मुंडकं, डोईवर टोपी. तिला 'बर्जेर', म्हणजे मेंढपाळीण म्हणतात. मुंडकं उभं असलं की झडप अडकते, खाली उलटवलं की सुटते. पहिल्या रात्री मी झडप नुसतीच ढकलून ठेवली. दोन वाजता वारा सुटला आणि ती दाणकन आपटली. समोरच्या घरात दिवा लागला. खिडकीबाहेर वाकून हात लांबवून ते मुंडकं उभं करावं लागतं. लहान मुलांना हे काम सांगू नका, खिडकीचा उंबरठा गुडघ्याएवढाच उंच आहे. आतली खिडकी लावायला उभा लोखंडी दांडा असतो. मूठ फिरवली की तो वर आणि खाली दोन्हीकडे अडकतो. जोर लावायचा नाही. मूठ अडली तर तावदानं नीट जुळलेली नाहीत असं समजायचं.

आमच्या खोलीत दुसऱ्या खिडकीची फक्त चौकट होती, आतून बुजवलेली. फ्रान्समध्ये १७९८ ते १९२६ दारं-खिडक्या मोजून कर घेत, आणि तो वाचवायला अनेकांनी खिडक्या बुजवल्या. म्हणून अशा घरात एखादी खोली अंधारी निघाली तर नवल वाटून घेऊ नका. फोटोत उजेड बघूनच निवडा.

पलंगाच्या पडद्यांवर तांबड्या रंगात छापलेली शेतकरी, बकऱ्या, झाडं अशी चित्रं होती. कागदावर लिहिलं होतं, पडदा हाताने ओढू नका, काठीने सरकवा, हाताला तेल किंवा क्रीम असेल तर अजिबात नको. मी विचारलं हे कुठलं कापड, तर बाई आईकडे बघून म्हणाल्या, "हे तुमच्याकडून सुरू झालं." सतराव्या शतकात आपल्याकडचं छापील सुती कापड जहाजांनी फ्रान्सला पोचलं. त्याला ते 'अँदिएन' म्हणत. लोक त्याच्या इतके मागे लागले की तिथल्या रेशीम आणि लोकरवाल्यांचा धंदा बसायला लागला, आणि १६८६ मध्ये राजाने अशा कापडावर बंदी घातली. बंदी १७५९ ला उठली. पुढच्याच वर्षी ओबरकांफ नावाच्या कारागिराने व्हर्सायजवळच्या झुई गावी छपाईचा कारखाना काढला. त्या कापडाचं नाव 'त्वाल द झुई'. आमच्या पडद्यांचं कापड पुढच्या काळात त्याच धाटणीवर छापलेलं होतं. आईने काठावरचा टाका बघितला, कापड दोन बोटांत न धरता नुसतं तळव्यावर घेऊन. त्यानंतर तिने त्या खोलीत एकदाही डोक्याला खोबरेल लावलं नाही. तेलाचं खरंच सांभाळा. उशीऐवजी तिथे पलंगभर रुंद लोड असतो, त्याचा अभ्रा तेलाने कायमचा डागाळतो. लावायचंच असेल तर जुना पंचा बरोबर न्या.

पलंग एकशे चाळीस सेंटिमीटर रुंद आणि पायथ्याशी लाकडी फळी. फ्रान्समधला हा दोघांचा नेहमीचा आकार. सहा फुटी माणसाने आधी विचारून घ्यावं. वरची रजई झोपण्यापूर्वी घडी करून पेटीवर ठेवायची, बॅग पलंगावर टाकायची नाही. कपाटाची किल्ली हीच त्याची मूठ असते. ती काढली की जड दार आपोआप उघडं पडतं आणि बिजागरी ताणते. जमीन षटकोनी भाजक्या फरशांची, मेण चोळलेली. त्यावर पाणी सांडलं तर लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. चपला-बूट दाराशी काढायची आपली सवय बाईंना फार आवडली. टाचांच्या बुटांनी फरश्या हलतात, त्या म्हणाल्या.

आता आमची चूक. न्हाणीघरात टब होता आणि आईला त्यात पाय टाकायची भीती वाटली. तिने टबाबाहेर स्टुलावर बसून, तांब्याने पाणी घेऊन, घरच्यासारखी अंघोळ केली. आपल्याकडे न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाळी असते. तिथे जमिनीत पाणी जायला वाटच नसते. पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली उतरलं. खाली ओकच्या तुळया आणि त्यांमधला चुन्याचा गिलावा, म्हणजे जेवणघराचं छत. दहा मिनिटांत बाई टॉवेलांची चळत घेऊन वर आल्या. आरडाओरडा नाही, पण चेहरा उतरलेला. आम्ही तिघींनी गुडघ्यावर बसून जमीन कोरडी केली. खाली जाऊन बघितलं तर छताला ताटाएवढा ओला डाग. आई रडवेली झाली. मग बाईंनीच तिला खुर्चीत बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं की हा चुन्याचा गिलावा आहे, खिडक्या उघड्या ठेवू, वाळेल. निघेपर्यंत डाग बराच फिका झाला होता. त्यांनी टबावर आडवी टाकायची लाकडी फळी आणि चढायला पायरी काढून दिली. ती कपाटातच होती, आम्ही विचारलं नव्हतं. म्हणून कळकळीने सांगते: ज्येष्ठांबरोबर जात असाल तर टब आहे की सपाट शॉवर, हे खोली ठरवण्यापूर्वी विचारा. टबच असेल तर फळी मागा. पडदा टबाच्या आत सोडा. एक थेंबही बाहेर जाणार नाही अशी अंघोळ करा.

कमोडमागे मोटर असलेला पांढरा डबा दिसला तर त्यात कागदाखेरीज काहीही टाकू नका. अरुंद नळातून सगळं दळून ढकलण्यासाठी तो असतो आणि रात्री त्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो. धुण्यासाठी जेट नसतो, प्लास्टिकची बाटली जवळ ठेवा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण सॉकेट गोल खोलगट आणि मधून एक पिन वर आलेली. आपले जाड पिनांचे प्लग बसत नाहीत, अडॅप्टर घरूनच न्या. किटली आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं तर घराची वीज जाऊ शकते. खोलीत इंडक्शनवर काही शिजवू नका. फोडणीचा वास पडद्यांत आणि दगडात बसतो. आम्ही पोह्यांचं पाकीट बाईंच्या स्वयंपाकघरात, त्यांना विचारून, त्यांच्यासमोर केलं. त्यांनी मोहरीचा डबा हुंगून ठेवून घेतला.

ज्वाळा कुठलीही नको, मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, खोलीतली शेकोटीही बंद. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं ओकचं छप्पर २०१९ च्या एप्रिलमध्ये कसं जळालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आईचा रोजचा संध्याकाळचा दिवा राहत होता. बाईंनी अंगणातल्या विहिरीच्या दगडी कट्ट्यावर तो लावायला सांगितलं आणि तो विझेपर्यंत त्याही शेजारी बसायच्या.

रात्रीचं जेवण मालकांबरोबर हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, सगळ्यांना एकच पदार्थ असतात. शाकाहारी असाल तर मांस, मासे, अंडी यातलं काय चालत नाही ते स्पष्ट लिहून पाठवा. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर मासे येऊ शकतात. पर्यटक कर माणशी दर रात्रीचा, आम्ही रोख दिला. सुटे युरो ठेवा.

एक दिवस आझे-ल-रिदो गावातल्या महालाला द्या. शिनोंच्याच गाडीने जाता येतं. सोळाव्या शतकातल्या त्या महालात एका शयनगृहाच्या भिंतींना छतापर्यंत विणलेल्या लव्हाळ्याच्या चटया लावल्यात, थंडी अडवायला. खोलीत सुक्या गवताचा वास भरून राहिलेला. दगडाच्या घरात झोपणाऱ्यांनी ऊब कशी राखली ते तिथे नीट कळतं, आणि पलंगाला पडदे का असतात तेही.

निघायच्या सकाळी कागदाची शेवटची बाजू वाचली. चादरी काढून पायथ्याशी ठेवा, ओले टॉवेल टबात, ऊन यायच्या आत झडपा लावा, किल्ली खिशात जाऊ देऊ नका. दाराची ती जड किल्ली एकच आहे, तिची जोडी नाही. आईने वाकून लोखंडी मुंडकं उलटं केलं, मी झडपा ओढल्या, किल्ली दाराला तशीच ठेवली आणि कठड्याचा दोर धरून आम्ही खाली उतरलो.