सायफरने मागेच थांबावं

आमच्या कोथरूडच्या ग्रुपमध्ये रात्रीची जेवणं उरकली की व्हॅलोरंट हा दोन संघांचा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ सुरू होतो. जेट, रेझ, रेना ही चढाईची पात्रं घेऊन सगळ्यांना पुढेच घुसायचं असतं. मी सायफर घेते, तारांचे सापळे लावून बाजू राखणारं पात्र. मग ‘नुसती कोपऱ्यात बसतेस’ हे ठरलेलं. मला ते अजिबात पटत नाही. सिंहगड समोर दिसणाऱ्या गावात गड राखण्याला कमी लेखतात, याचं वाईट वाटतं.

सायफर मेला की त्याच्या तारा बंद पडतात. म्हणजे हौसेनं पुढे जाऊन मी मेले, तर ती अख्खी बाजू उघडी. जिवंत राहणं हेच माझं काम आहे, आणि ते सोपं नाही.

शिवाय हल्लेखोरांचा बॉम्ब, म्हणजे स्पाइक, लागला की सगळं उलटतं. स्फोटाला 45 सेकंद, निकामी करायला 7. आता बचाववाल्यांनी चाल करायची आणि हल्लेखोरांनी राखण! इथे आमची जेटमंडळी हमखास गडबडतात; समोर कुणी दिसलं की स्पाइक सोडून धावतात.

मावसभाऊ मात्र शिकला. स्पाइक निकामी करताना साडेतीन सेकंद पूर्ण केले की अर्धं काम जमा होतं, मग खुशाल वळून लढावं आणि परत यावं. काल त्यानं तसंच केलं.