आईच्या फाइलवर शेजाऱ्याचा नंबर

आईच्या गाठीचा रिपोर्ट आईच्या आधी अख्ख्या वाडीने वाचला. गाठ साधीच निघाली होती, पण कागदावर 'बायॉप्सी' हा शब्द होता आणि वाडीला तेवढा पुरला. देवळात एकीने सगळ्यांसमोर विचारलं, "गाठीचा काय झाला गो? रिपोर्ट इलो मां?" आई त्या दिवशी आरतीला न थांबता घरी आली. हे तिने मला दोन आठवड्यांनी सांगितलं. मी रजा टाकली, तुतारी एक्स्प्रेसने कणकवलीला उतरले आणि देवगड गाठलं.

मी डोंबिवलीला, भाऊ पुण्यात. त्यामुळे आईला तपासायला शेजारच्या मुलाने नेलं होतं. खिडकीवर नंबर विचारला, त्याने स्वतःचा दिला. रिपोर्ट त्याच्या व्हॉट्सॲपवर आला तेव्हा तो ट्रॉलरवर निघायच्या गडबडीत होता, म्हणून त्याने वाडीच्या ग्रुपवर टाकला: 'काकींका कोणीतरी पोचवा.' त्याच्यावर माझा जराही राग नाही. तो नसता तर आई दवाखान्यात गेलीच नसती.

राग आहे तो त्या हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर. तिथे माझे तीन दिवस गेले.

पहिल्या दिवशी खिडकीवरची मुलगी म्हणाली, "ताई, नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जाणार. तो सांगा." जुना नंबर समुद्रात. तिथे रेंज नाही, आणि बोट परत यायला चार दिवस. मी म्हटलं, पेशंट समोर उभी आहे, आधार कार्ड हातात आहे, आणखी काय हवं? तर "सिस्टीम घेत नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाली, नवीन केसपेपर काढा. म्हणजे जुनी फाइल त्याच नंबरावर तशीच राहणार आणि आईची तब्येत दोन ठिकाणी अर्धी अर्धी. मी नाही म्हटलं. कोणी नवीन केसपेपर सुचवला तर तुम्हीही नाही म्हणा.

रांगेत उभं राहून मला एवढं दिसलं: कॉम्प्युटरचा पडदा रांगेकडे तोंड करून होता. माझ्या पुढच्या बाईचं नाव, वय, कोणत्या महिन्याची गरोदर, सगळं मला वाचता येत होतं. पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी, तिच्यावर पासवर्ड. तिन्ही पाळ्यांची माणसं त्याच एका पासवर्डने आत शिरायची. आईची फाइल कोणी कोणी उघडली, असं मी विचारलं, तर त्यांना सांगताच येईना, कारण मशीनच्या लेखी सगळे मिळून एकच माणूस. केंद्र सरकारने २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची सुधारित मानकं काढली. त्यांत नोंद कोणी, कधी पाहिली याचा माग राहिला पाहिजे, असं आहे. एकाच पासवर्डवर तो माग राहणार कसा?

तिसऱ्या दिवशी मी अर्ज लिहून नेला. साध्या मराठीत, एक पान: हा नंबर पेशंटचा नाही, तो काढा, हा घाला, आणि जुन्या नंबरवर यापुढे काहीही पाठवू नका. सोबत लिहिलं की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे. या कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत हे मला ठाऊक होतं, तरी लिहिलं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागितला. शिक्का मारायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा व्यवस्थापक बाहेर आले. त्यांच्या लॉगिनवरून नंबर बदलायला दोन मिनिटं लागली. तीन दिवस "सिस्टीम घेत नाही" आणि मग दोन मिनिटं! म्हणून सांगते, खिडकीवर वाद घालू नका. पहिल्याच दिवशी अर्ज आणि पोच.

पडदा फिरवा असंही मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर फिरवला आणि चिठ्ठीही काढायला लावली. मला फार बरं वाटलं.

एक राहिलंच. हॉस्पिटलचा नंबर बदलला म्हणजे लॅबचा बदलत नाही. तिथे वेगळं जावं लागलं. आणि तिसरी जागा 'आभा', म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं. गावातल्या शिबिरात आईचा १४ अंकी आभा क्रमांक काढला होता आणि त्यावर कुणा कार्यकर्त्याचा मोबाइल होता. तो बदलायला आधारचा ओटीपी हवा, आणि आधारला बाबांचं बंद पडलेलं सिम. आधी आधार केंद्र. आईने जन्मभर काजू सोलले, चिकाने बोटं गुळगुळीत झालीत, ठसा उठेना. चार वेळा पुसून पाहिलं. शेवटी डोळ्यांवरून झालं. तुमच्या घरीही काजूवाली, चिरेखाणीवाली माणसं असतील तर डोळ्यांचं मशीन आहे का ते आधी विचारून जा.

आभा सक्तीचं नाही. पण काढलंच असेल तर दवाखान्याला नोंदी पाहायची परवानगी देताना कोणते कागद आणि किती दिवसांसाठी, ते निवडता येतं. दिलेली परवानगी मागेही घेता येते. आईच्या फोनवर आम्ही दोघींनी बसून हे एकदा करून पाहिलं.

अजून एक. आपले कागद मागायला लाजू नका. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचे असतात. आईचे सगळे कागद मी तेव्हाच मागून घेतले.

परवा पुढच्या तपासणीचा रिपोर्ट आईच्या स्वतःच्या फोनवर आला. तिने दार लावून घेतलं आणि मग मला फोन केला. म्हणाली, "तुका धाडतंय. वैनीक मात्र मीच सांगान."