पिरमच्या पिंडाश्मातली दाढ

भावनगर जिल्ह्यात घोघ्याजवळ असलेल्या पिरम बेटावर कामाचे तास समुद्र ठरवतो. खंभातच्या आखातात भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. बेटाच्या किनाऱ्यावरचा जीवाश्मांचा थर भरतीत बुडतो आणि ओहोटीला उघडा पडतो. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या या गाळात जमिनीवरच्या मोठ्या सस्तन प्राण्यांची हाडे आहेत. १८३६ साली ती प्रथम प्रकाशात आली आणि १८४५ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ ह्यू फाल्कनर यांनी त्यांतूनच जिराफाच्या कुळातला ब्रह्माथेरियम हा धिप्पाड प्राणी जगापुढे आणला.

पिंडाश्माच्या, म्हणजे गोटे एकत्र घट्ट चिकटून बनलेल्या खडकाच्या, थराची जाडी मोजताना मला गोट्यांमध्ये काळपट तपकिरी रंगाचे, चकचकीत काहीतरी दिसले. शेवाळ पुसल्यावर दोन आडव्या धारा आणि त्यांच्यामधली खोल घळ स्पष्ट झाली. ही डायनोथेरियमची, म्हणजे खालच्या जबड्यातून खाली वळलेले सुळे असणाऱ्या, हत्तीच्या दूरच्या भाऊबंदाची दाढ होती. आसपासची हाडे प्रवाहात घासून गोट्यांसारखी गुळगुळीत झालेली असताना या दाढेचे उघडे पडलेले एक मूळ मात्र टोकापर्यंत अखंड होते. दातावरचे लुकण (एनॅमल) कठीण असल्यामुळे टिकते, पण मुळाचे टोक लांबच्या प्रवासात टिकत नाही. त्यामुळे गाडली जाईपर्यंत दाढ जबड्यातच असावी, असे मला वाटले.

“साहेब, पाणी फिरलं,” होडीवाले काका दुसऱ्यांदा ओरडले. सोबतच्या तरुण सहकाऱ्याने छिन्नी हातात घेतली होती. जीवाश्म काढण्याची परवानगी आमच्याकडे होती, तरीही मी त्याला थांबवले. थराची नोंद नसलेले हाड प्राणी ओळखायला उपयोगी पडते, पण तो कुठे आणि कसा गाडला गेला, हे सांगू शकत नाही. जुन्या संग्रहांतले असे अबोल नमुने पाहताना मला नेहमीच वाईट वाटते. उरलेल्या वेळात आम्ही छायाचित्रे घेतली, थराचा उतार मोजला आणि चपटे गोटे कोणत्या दिशेला कलले आहेत, हे टिपले, कारण त्यावरून जुन्या प्रवाहाची दिशा कळते.

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला प्लास्टरचे आवरण चढवून तो तुकडा खडकासह काढला. खालच्या बाजूला दुसऱ्या मुळाभोवती जबड्याचे हाड अजून चिकटलेले होते.